कळंबचा सहाशे लिटर समुद्र

रायगड म्हटलं की बाहेरच्या माणसाला अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आठवतं. कर्जत आणि खालापूर हे तालुके मात्र किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याला आहेत. नेरळला लोकलमधून उतरून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की कळंब येतं. एकीकडे माथेरानचा डोंगर, दुसरीकडे भीमाशंकरची रांग, मधे भातखाचरं आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. इथल्या माणसाला मासे कळतात, पण ते गोड्या पाण्यातले. पहिल्या पावसात ओढ्यांतून उलटे चढणारे वलगणीचे मासे धरायला अख्खी वाडी रात्री बाहेर पडते. समुद्राची मासळी इथे येते ती बर्फातून, नाहीतर सुकी होऊन.

अशा गावात मी एका घराच्या ओटीवर जिवंत समुद्री मासे पाहिले. घर एका निवृत्त शिक्षकांचं. त्यांनी नाव छापू नका म्हणून बजावलं आहे. गाव त्यांना मास्तर म्हणतं, आपणही तेच म्हणू. अडीच फुटांच्या टाकीत क्लाउनफिशची जोडी होती, एक डॅमसेल होता आणि एक ब्लू टँग. हा टँग म्हणजे सिनेमातली डोरी. नातीच्या हट्टापायी मास्तरांनी तो कुर्ल्याच्या दुकानातून आणला, तेव्हा अंगठ्याएवढा होता. ऑक्सिजन भरलेली प्लास्टिकची पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून नेरळपर्यंत लोकलने आणि पुढे इको गाडीने. मी पाहिला तेव्हा तो हाताच्या पंजाएवढा झाला होता. काचेच्या एका टोकाकडून निघायचा, चार शेपट्या मारल्या की दुसरं टोक आलेलं असायचं. वळायचा, परत यायचा. दिवसभर हेच.

या जातीचा मासा पूर्ण वाढला की जवळजवळ तीस सेंटिमीटरचा होतो. खडकाळ प्रवाळांभोवती लांबच लांब पोहणारा हा प्राणी. अडीच फुटी टाकीत पाणी जेमतेम एकशे तीस लिटर मावतं. तो त्यात जगत होता, पण जगणं आणि नीट राहणं यात फरक आहे, आणि तो मास्तरांना दिसत होता. म्हणून त्यांनी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी करून घ्यायचं ठरवलं. हा लेख त्या स्थलांतराचा आहे. घरात समुद्री मासे पाळणारे बरेच लोक आता बदलापूर, कर्जत, खोपोलीपर्यंत भेटतात, आणि त्यातल्या बहुतेकांवर पहिली टाकी लहान पडण्याची वेळ येतेच. ती आली की काय करायचं, हे दुकानदार सहसा सांगत नाही. टाकी विकली की त्याचं काम संपतं.

आधी वजनाचं बोलू, कारण चूक झाली तर ती इथेच सर्वांत महाग पडते. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे चोवीस घनफूट, म्हणजे सुमारे सहाशे ऐंशी लिटर. दगड आणि वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी सहाशेच्या आसपास. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड. त्यात बारा मिलिमीटरच्या काचेचं शंभर किलोच्या वरचं वजन, दगड, वाळू, खालचा स्टँड. सगळं मिळून पाऊण टनाच्या पुढे जातं. मास्तरांचं घर जोत्यावर, जमीन पक्की, त्यामुळे फक्त पातळी तपासावी लागली. टाकीचा एक कोपरा जरी खाली राहिला तरी सगळा दाब एका सांध्यावर येतो. वरच्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र हा आकडा इमारतीच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नये.

मग पाणी. या प्रश्नात मास्तरांचं सगळं कसब पणाला लागलं.

कुणालाही आधी सुचतं ते हे की अलिबागला जावं आणि पिंपं भरून आणावीत. पण किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं, खाड्यांतून आणि नाल्यांतून काय काय मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात तर नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाच उतरतो. दुसरी सूचना शेजाऱ्यांकडून आली: आपल्या पेण-उरणकडे मिठागरं आहेत, तिथलं मीठ विरघळवा की! सूचना वाटते तितकी भाबडी नाही, पण चालत मात्र नाही. मिठागरात पाणी आटत जातं तसे क्षार एकामागून एक वेगळे होतात. चुना आणि जिप्सम आधीच तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम उरलेल्या कडवट पाण्याबरोबर निघून जातं. हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. स्वयंपाकाला तेच हवं. माशाला सगळे क्षार हवेत.

समुद्रापासून दूर बसून समुद्र बनवण्याची ही धडपड जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली माशांसाठी खास घर उघडलं आणि तिथल्या लोकांना घरी काचेच्या टाक्या ठेवण्याचं वेडच लागलं. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने तेव्हा किनाऱ्यावर न राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्लोराइड. आज हेच काम तयार मिश्रणाचं पोतं करतं. एका लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम, म्हणजे सहाशे लिटरला एकवीस किलोच्या घरात.

पण ते मिसळायचं कोणत्या पाण्यात? कळंबच्या बोअरचं पाणी जड. विहिरीच्या पाण्यात पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ते माणसांसाठी आवश्यकच आहे, पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि गाळणीतले उपयोगी जिवाणू मारतो. घरगुती आरओ मशीनमधून सहाशे लिटर काढायचे तर दिवसच्या दिवस जातात आणि त्याहून जास्त पाणी वाया जातं. मास्तरांनी वेगळा विचार केला. कर्जत तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. त्यांनी श्रावणात पाणी साठवलं. पत्र्यावरून नव्हे, कारण गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त पाण्यात उतरतं आणि कोळंबी-खेकड्यांना ते विष ठरतं. अंगणात स्वच्छ प्लास्टिक ताणून, पहिल्या सरींचं पाणी सोडून देऊन, पुढचं पिंपांत घेतलं. पिंपंही नवी, खाद्यपदार्थांसाठी चालणारी. कारखान्यांतून बाहेर पडलेली निळी पिंपं आपल्या भागात स्वस्तात मिळतात. त्यांत आधी काय होतं याची खात्री नसेल तर ती या कामाला घेऊ नयेत. मला विचाराल तर कर्जत-खालापूरच्या माणसाला मुंबईकरावर जी मात करता येते ती इथे, या पावसात.

पाणी तयार झालं, वर पंप फिरू लागले, तापमान सव्वीस अंशांच्या जवळ, घनता एक पूर्णांक शून्य दोन पाच. टाकी स्वच्छ आणि सुंदर दिसत होती. नात रोज विचारायची, "आजोबा, आज सोडायचे का?" आणि मास्तर रोज नाही म्हणायचे.

याचं कारण त्या स्वच्छ पाण्यात काहीच राहत नव्हतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. समुद्रात तो क्षणात विरतो. टाकीत मात्र काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी प्रमाणापर्यंत माशांना सोसतं. ही साखळी दगडांच्या, वाळूच्या, गाळणीच्या पृष्ठभागावर वसते आणि वसायला साधारण चार ते सहा आठवडे घेते. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे त्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारी घाई इथे खपत नाही. बहुतेक ठिकाणी मासे मरतात ते हलवताना नव्हे, हलवल्यानंतरच्या आठवड्यात, आणि दोष हलवण्याला दिला जातो.

मास्तरांनी या सहा आठवड्यांत दोन गोष्टी केल्या. सिरॅमिकच्या नळ्यांची एक जाळी जुन्या टाकीच्या गाळणीत आधीपासून टाकून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर जिवाणू धरले. आणि नव्या टाकीत अमोनियाचा मोजून डोस घालून टेस्ट किटने रोज रंग पाहिला. आधी अमोनियाचा रंग चढला, मग उतरला; मग नायट्राइटचा चढला, बरेच दिवस तसाच राहिला, आणि एका सकाळी नाहीसा झाला. वहीत त्यांनी तारखेपुढे फक्त "शून्य" लिहिलं होतं. चाळीस वर्षं हजेरीपट भरलेल्या माणसाचं ते वळणदार अक्षर होतं.

नव्या टाकीत दगड कोणते, हाही प्रश्न होता. माथेरानवरून जांभा आणून टाकावा असं कुणी सुचवलं. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे तो बाद. मोठी अडचण मात्र प्रवाळाची. परदेशी व्हिडिओंत सगळीकडे रंगीत प्रवाळ आणि जिवंत दगड दिसतात, आणि दुकानांत कधीकधी कानात कुजबुजून तसला माल दाखवला जातो. खडक बांधणारी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षांची. हा कायदा किती गंभीरपणे घेतला जातो हे मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी दिसलं. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या मोजक्या वसाहती सापडल्या, तेव्हा एवढ्या प्रचंड प्रकल्पालाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून १८ वसाहती उचलून दुसऱ्या खडकांवर बसवाव्या लागल्या. मास्तरांनी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले. पांढरे, कृत्रिम दिसत होते. काही महिन्यांत त्यांच्यावर शेवाळ धरून ते जांभळट-तपकिरी होतात, आणि माशाला फरक पडत नाही.

हलवण्याचा दिवस त्यांनी पावसाळा सरून ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावरचा ठरवला. यामागे विजेचा विचार होता. पावसाळ्यात झाड पडलं की कळंबची लाइन रात्र-रात्र येत नाही. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजन कमी मावतो, पाणी तापलं की आणखी कमी. त्यात नव्या जागी घाबरलेला मासा श्वास जोरात घेतो. बॅटरीवर चालणारे हवेचे दोन पंप त्यांनी तरीही चार्ज करून ठेवले होते.

सकाळी खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले. आदल्या दिवशी माशांना खायला दिलं नव्हतं, म्हणजे बादलीतलं पाणी घाण होत नाही. मास्तरांनी जुन्या टाकीतलं पाणी नळीने स्वच्छ पिंपात काढायला सुरुवात केली. दगड एकेक करून उचलले आणि लगेच त्याच पाण्यात बुडवले. दगड वाळले की त्यांच्यावरचे जिवाणू गेले. वाळूला हात लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जुन्या वाळूच्या खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि वाळू ढवळली की कुजक्या अंड्यांचा वास येऊन मासे मिनिटांत लोळू लागतात. जुनी वाळू नव्या टाकीत नेलीच नाही. वरवरची मूठभर तेवढी घेतली.

पाणी चार बोटं उरलं तेव्हा मासे धरणं सोपं झालं. क्लाउन आधी. मोठा मासा ती मादी, लहान तो नर. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतली मादी गेली की नराचीच मादी होते. म्हणून जोडी फोडायची नाही, एकत्रच न्यायची. मग डॅमसेल. टँगसाठी जाळी वापरायची नव्हती, कारण त्याच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्हीकडे सुरीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासाही फाटतो, बोटही. मास्तरांनी प्लास्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरला आणि मास्तरीणबाईंनी हाताने हळूहळू त्याला त्यात वळवलं. डब्यात जाताच टँग कुशीवर आडवा पडला. रंग फिका झाला, कल्ले तेवढे हलत होते. नात रडायला लागली. बाई म्हणाल्या, "मेला नाही गं, निजल्याचं सोंग आहे ते." आणि ते खरंच होतं, भ्यायलेला ब्लू टँग असाच आडवा पडून राहतो.

मग सगळ्यांत कंटाळवाणं काम. हवेच्या बारीक नळीला गाठ मारून नव्या टाकीचं पाणी बादलीत थेंबथेंब सोडायचं. खारटपणा कमी होणं माशाला पुष्कळ सोसतं, वाढणं कमी सोसतं. समुद्री मासा अंगातलं पाणी सतत बाहेर गमावत असतो, त्यासाठी तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खारटपणा अचानक वाढला की हे गणित कोलमडतं. मास्तरांनी जुन्या आणि नव्या पाण्याची घनता आधीच जुळवून ठेवली होती, तरी तासभर नळी चालू ठेवली. दुरून पिशवीतून आलेल्या माशाला मात्र इतका वेळ लावू नये. पिशवीत कर्बवायूमुळे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं आणि अमोनिया त्यामुळे निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून हवा लागली की तोच विषारी होतो. घरातल्या घरात हलवताना ही अडचण नसते.

मासे सोडले आणि वर जाळी लावली. नव्या जागी मासा उडी मारतो, आणि सकाळी फरशीवर सापडतो. दिवे दुसऱ्या दिवशीपर्यंत बंदच. डॅमसेल हा भांडखोर मासा, जुन्या टाकीत त्याने एक कोपरा आपला केला होता आणि क्लाउनना तिथे फिरकू देत नसे. नव्या टाकीत सगळ्यांनाच जागा अनोळखी, त्यामुळे दादागिरी नव्याने ठरायची होती. दोन दिवस तो एका दगडामागून बाहेर आला नाही.

टँगच्या अंगावर आठवड्याभरात पांढरे ठिपके दिसले. हा रोग एका परजीवीचा, आणि ताण आला की ब्लू टँगला तो इतर माशांआधी धरतो. मास्तरांनी जुनी टाकी मोडली नव्हती. पाणी परत ओतून गाळणीसह चालू ठेवली होती. त्यांनी टँगला परत तिच्यात घेतलं, तिथेच तांब्याचं औषध मोजून चालू केलं, आणि परजीवीला धरायला मासाच मिळू नये म्हणून बाकीचे मासेही मोठ्या टाकीतून काढून जुन्या टाकीतच ठेवले. सहाशे लिटरचा तो समुद्र पुन्हा काही आठवडे रिकामा राहिला. शेजारीपाजारी हसले. मी ते पाहून मास्तरांबद्दलचा आदर वाढवून घरी आलो. पुढे सगळे मासे परत मोठ्या टाकीत गेले आणि आजही तिथे आहेत. टँग आता एका टोकाहून निघाला की वळण्याआधी बराच पोहतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मत्स्यालयात जाऊन पाहावेत मासे. जायचं कुठे? चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उघडलं. आमच्या पिढीच्या शाळांच्या सहली तिथे गेल्या. नूतनीकरण करून, पाण्याखालून चालल्यासारखं वाटणारा अॅक्रिलिकचा बोगदा बांधून २०१५ च्या मार्चमध्ये ते पुन्हा सुरू झालं, आणि कोविडच्या टाळेबंदीत बंद पडलं ते पडलंच. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरच्या वर किनारा आहे. त्या राज्याच्या राजधानीत समुद्राकाठचं सार्वजनिक मत्स्यालय वर्षानुवर्षं बंद राहावं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. मुलं समुद्री मासा आता सिनेमात पाहतात आणि दुकानात मागतात. तिथे त्यांना तो मिळतोही.

आणि तो बहुधा समुद्रातून पकडलेला असतो. फिलिपीन्स, इंडोनेशियाच्या प्रवाळांत सायनाइडची पिचकारी मारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत अनेक वर्षं चालत आली आहे. असे मासे दिसायला धडधाकट असतात आणि महिन्याभरात मरतात. ब्लू टँगची कृत्रिम पैदास फ्लोरिडातल्या संशोधकांना पहिल्यांदा साधली ती २०१६ मध्ये, तीही प्रयोगशाळेत. बाजारातला टँग अजून बहुतेक समुद्रातूनच येतो. क्लाउनचं तसं नाही. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला क्लाउनफिशची पैदास साधली आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी आहे. हॅचरीतला क्लाउन टाकीतच जन्मलेला असतो, दाणे खातो, लहान जागेत रमतो, आणि नीट ठेवला तर वीस वर्षंही जगतो. मास्तर स्वतः सांगतात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तर टँग आणणार नाही. क्लाउनची जोडी पुरे.

तेव्हा वाचकहो, घरी खाऱ्या पाण्याची टाकी असेल आणि मासे तिच्यात दाटीने राहत असतील, तर या दिवाळीत मोठी टाकी जरूर घ्या. पाणी भरा, पंप चालू करा आणि सहा आठवडे तिच्यात मासा सोडू नका. जुनी टाकी त्यानंतरही दोन महिने विकू नका. आणि अजून काहीच घेतलं नसेल, तर दुकानात अंगठ्याएवढ्या टँगपुढे उभं राहिल्यावर एवढं एकच विचारा: हा पूर्ण वाढला की केवढा होतो, आणि तेव्हा माझ्या घरात सहा फूट जागा असेल का? उत्तर नाही असेल, तर त्याला तिथेच राहू द्या आणि हॅचरीतले दोन क्लाउन घेऊन घरी या.